रिकाम्या यंत्रातला अर्धा नंबर

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काउंटरवर ठेवला नाही, आपटला.

"काका, हा घातला की पायरी वर येते. शाळेच्या जिन्यावर दोनदा तोल गेलाय माझा."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं ते या गल्लीत चष्मे करत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातचा एक चष्मा परत आला नव्हता, आणि या एका महिन्यात हा चौथा. त्यांनी तो उचलला, मागच्या खोलीत नेला, नंबर तपासायच्या यंत्रात धरला, स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवून नळीला डोळा लावला आणि आतल्या हिरव्या रेघा ठसठशीत दिसेपर्यंत चक्र फिरवलं. आकडा वाचला आणि बाहेर आले ते छाती काढूनच.

"नंबर बरोब्बर आहे, बाई. चिठ्ठीत आहे तोच. नव्या चष्म्याची सवय व्हायला आठ दिवस लागतात."

"तीन आठवडे झाले."

"काहींना चार लागतात."

वर्गातल्या सगळ्यात टारगट पोराकडे बघावं तसं बाईंनी काकांकडे बघितलं, चष्मा पर्समध्ये कोंबला आणि जाताना काकूंना म्हणाल्या, "तुम्ही तरी जरा लक्ष घाला यांच्याकडे." काकांनी त्या गेल्यावर काच बनवणाऱ्या कारखान्याला शिव्या घातल्या, फ्रेमवाल्याला घातल्या आणि उरलेल्या शिव्या हल्लीच्या गिऱ्हाइकांना घातल्या.

गल्लीत त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. नाव पाडणाऱ्याने अगदी विचार करून पाडलं होतं. बस थांब्यावर कुणी डोळे बारीक करून पाटी वाचताना दिसलं की काका ओळखदेख नसताना जवळ जाऊन सांगत, "तुमचा उजवा पाव नंबराने वाढलाय." पाव नंबरासाठी ते डोळ्यांच्या डॉक्टरांशी फोनवर भांडत. दुकान म्हणजे पुढे एक अरुंद खोली, दोन्ही भिंतींना आरसे, मधे काउंटर. मागच्या खोलीत काच घासायचं मशीन, त्याखाली पांढऱ्या गाळाचं पाणी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि टेबलावर ते यंत्र. काकूंकडे काउंटर, फोन, नाकावरच्या गाद्या बदलणं आणि काड्या गरम करून कानामागे बसवणं. काचेचं सगळं काकांकडे. यंत्राला तर हात लावायचीही बंदी. त्या यंत्राच्या नळीला एक कडं असतं. बघणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे ते आधी फिरवून जुळवायचं असतं. काकांनी ते बावीस वर्षांपूर्वी एकदा स्वतःच्या डोळ्याला जुळवलं आणि पुन्हा कुणी हलवू नये म्हणून काकूंच्या नेलपॉलिशचा लाल थेंब लावून पक्कं करून टाकलं. नेलपॉलिशची बाटली काकूंना परत मिळाली नाही ती नाहीच.

आता काकांच्या स्वतःच्या डोळ्यांविषयी. पाच-सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ते चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले. बारीक टायपातल्या जाहिरातीसुद्धा. चोपन्नाव्या वर्षी, वाचायचा चष्मा लागून दहा वर्षं झाल्यावर! गल्लीभर सांगून झालं, "माझे डोळे तरुण व्हायला लागलेत." मग समोरून येणाऱ्या बसचा नंबर दिसेना, तर त्यांनी लांबचा चष्मा केला, तपकिरी फ्रेमचा, मायनस अर्धा. तीन आठवड्यांनी तो कमी पडला, म्हणून स्टीलच्या फ्रेमचा, मायनस एक. मग निळा, सव्वा. मधेच एकदा उतरला म्हणून एक केला, चढला म्हणून एक केला, आणि शेवटी काळ्या जाड फ्रेमचा, मायनस पावणेदोन. पाच महिन्यांत सहा चष्मे. तक्त्यावरच्या दिव्यावर संशय घेऊन त्यांनी बल्ब बदलला. तपासायच्या काचांची पेटी जुनी झाली म्हणून दोन दिवस ती पुसत बसले.

बाकी कुणालाही चष्मा बदलायचा तर दुसऱ्याच्या दुकानात जावं लागतं. दुसऱ्या वेळी गेलं की दुकानदार भुवई उंचावतो आणि तिसऱ्या वेळी विचारतो, बाबा रे, काय चाललंय? काका स्वतःच गिऱ्हाईक आणि स्वतःच दुकानदार. विचारणार कोण? ते गुपचूप तक्त्यासमोर बसत, काचा बदलत, आकडा लिहीत आणि घासायला घेत.

डोळे हे एकच नव्हतं. टेबलाखाली दोन लिटरची पाण्याची बाटली आली होती, ती दुपारपर्यंत संपायची. काचेच्या पावडरीने घसा सुकतो म्हणे. रात्री चार-चारदा उठावं लागे. एवढं पाणी प्यायल्यावर उठावं लागणारच म्हणे. पट्ट्याला दोन नवी भोकं पडली, तर ते कौतुकाने आरशात बघत. दुपारी जेवण झालं की मशीनसमोर मान टाकून झोपत. आणि काचेची कपची लागून उजव्या हाताचं बोट कापलं होतं, ते तीन आठवडे झाले तरी मिटत नव्हतं. पट्टी बदलताना काकू दररोज म्हणायच्या, "अहो, डॉक्टरला दाखवा." काका दररोज म्हणायचे, "चष्मेवाल्याचं बोट कापतंच." त्या वाक्याने काकूंचं डोकं उठायला लागलं होतं.

मुख्याध्यापिकाबाई चष्मा आपटून गेल्या त्याच दिवशी काकूंनी दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरवर हिरवा ट्रे ठेवला आणि त्यात सहाही चष्मे ओळीने मांडले.

"एक गिऱ्हाईक आलंय," त्या म्हणाल्या. "वय चोपन्न. पाच महिन्यांत सहा चष्मे केलेत. नंबर कधी वर, कधी खाली. पाणी फार पितं. वजन उतरलंय. काय सांगाल त्याला?"

काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चष्मा कसला करतोस म्हणावं, आधी रक्तातली साखर तपास. या वयात नंबर असा उड्या मारतो तो..."

आणि थांबले. हे वाक्य ते वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत होते. कितीतरी लोकांना त्यांनी चष्मा न करता दवाखान्यात पिटाळलं होतं, आणि ते लोक नंतर पेढ्यांऐवजी आभार घेऊन आले होते. काकांनी ट्रेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग माणूस कोंडीत सापडला की करतो तेच केलं. चिडले.

"म्हणजे आता तू मला माझाच धंदा शिकवणार?"

"शिकवत नाहीये. उद्या सकाळी उपाशीपोटी जायचंय, एवढंच सांगतेय."

उपाशीपोटी साखर निघाली दोनशे अडुसष्ट. जेवणानंतरची तीनशे साठच्या वर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, ती दहा पॉइंट आठ. ती साडेसहाच्या खाली असती तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वयाने काकांच्या मुलीएवढ्या, त्यामुळे काकांना त्यांचं काहीच पटेना.

"मी गोड खातच नाही," ते म्हणाले. "चहात एक चमचा. तोही सपाट."

"प्रश्न नुसत्या गोडाचा नाही, काका. खाल्लेल्या सगळ्याचीच शेवटी साखर होते आणि ती रक्तातून अंगात पोचवणारं काम तुमच्या शरीराला नीट जमेनासं झालंय. साखर रक्तातच फिरत राहते. म्हणून तहान, म्हणून लघवी, म्हणून बोट मिटत नाही."

"आणि डोळे?"

"साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो. त्यामुळे नंबर बदलतो. साखर खाली आली की पुन्हा बदलेल. म्हणून पुढचे तीन महिने नवा चष्मा करायचा नाही."

काकांनी मोजे काढले, बाईंनी तळपायाला दोऱ्यासारखं काहीतरी टोचून कळतंय का विचारलं. कळत होतं. सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर एकेक गोळी, ताटात काय किती याचा कागद, रोज अर्धा तास चालणं. "आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही, त्रास वाटला म्हणूनही सोडायची नाही. आधी मला विचारायचं," बाईंनी दोनदा बजावलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तेच ज्यांच्याशी काका पाव नंबरासाठी भांडत. त्यांनी थेंब घालून आतला पडदा तपासला, फोटो काढले आणि काकांना प्रथमच न चिडवता सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. थोडे आहेत. साखर खाली आणून खालीच ठेवली तर इथे थांबतील अशी आशा ठेवायला जागा आहे. नाही ठेवली, तर त्या डोळ्यांना पुढे कुठलाच चष्मा उपयोगाचा नाही.

हे वाक्य काकांना नीट कळलं. चष्मेवाल्याला याहून स्पष्ट कोण काय सांगणार?

पहिले आठ दिवस त्यांनी शहाण्या मुलासारखे काढले. गोळी घेतली, चालले, चहा बिनसाखरेचा प्यायले आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं केलं. बाटलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत उरायला लागलं. लांबचं दिसायला काळा चष्मा नको झाला, मग निळा नको झाला, मग स्टीलचा. काकू ट्रेकडे बघूनच ओळखत होत्या की साखर उतरतेय. आणि दहाव्या दिवशी काकांना स्क्रू दिसेना.

चष्म्याचा स्क्रू म्हणजे तिळाएवढा. गेले पाच महिने तो उघड्या डोळ्यांना लख्ख दिसत होता. आता बोटं दिसत, पकड दिसे, स्क्रूच्या जागी नुसता करडा डाग. जुना वाचायचा चष्मा लावला तरी तीच तऱ्हा. फ्रेमच्या भोकात स्क्रू बसवायला त्यांना वीस मिनिटं लागली, आणि बसवल्यावर कळलं की तो उलट्या बाजूने घातलाय. त्यांनी पकड फेकली. ती आरशावर लागली नाही हे नशीब.

"या गोळ्यांनी माझे डोळे घालवले!"

"बाईंनी सांगितलं होतं ना, नंबर हलेल म्हणून? तीन महिने धीर धरा."

"तीन महिने मी काय टाळ्या वाजवू दुकानात बसून?"

काकूंनी कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानातून, फिरत्या स्टँडवरचा तयार वाचायचा चष्मा आणला. त्या स्टँडला काकांनी जन्मभर शत्रू मानलं होतं. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर ठोकून देणारी ती जात! स्वतःच्या दुकानात चारशे फ्रेमा असताना त्यांना नाक मुठीत धरून तो प्लास्टिकचा चष्मा लावायची वेळ आली. चार दिवस लावला. त्यात डोळ्यांचा अंदाज चुके, डोकं धरे. पाचव्या दिवशी तो ड्रॉवरमध्ये गेला.

नेमकी त्याच आठवड्यात बस डेपोची ऑर्डर आली. चौतीस ड्रायव्हरांचे डोळे तपासले होते, चौतीस चष्मे तीन आठवड्यांत हवे होते. इतकी मोठी ऑर्डर काकांना कधी मिळाली नव्हती. समोरच्या चष्मेवाल्याच्या तोंडचा घास होता तो, आणि डेपो मॅनेजर म्हणाला होता, "तुमचा चष्मा परत येत नाही म्हणून तुमच्याकडे आलोय." आता सांगा, अशा वेळी कुणाला स्क्रू न दिसून चालेल?

काकांनी गोळ्या सोडल्या. काकूंना पत्ता लागू दिला नाही. जेवताना गोळी तोंडात टाकायची, पाण्याचा घोट घ्यायचा, हात धुवायला उठलं की काढून घ्यायची. पण टाकून कशी देणार? एकतीस वर्षांत या माणसाने एक वाकडा स्क्रूही टाकला नव्हता. गोळ्या पुसून, वाळवून दुकानात छोट्या स्क्रूंच्या खणात ठेवल्या. आठवडाभरात बाटली पुन्हा भरली जायला लागली, दुपारची झोप परत आली आणि स्क्रू दिसायला लागला. काका खूश. शीळ घालत काचा घासत होते. एकेक चष्मा पुरा करून यंत्रात नंबर तपासायचा, चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची आणि ट्रेमध्ये ठेवायचा. उरलासुरला एखादा संशय असेल, तर तोही त्या खुणांनी मिटवला.

गोळ्या सोडून अठरा दिवस झाले. त्या दुपारी काकूंनी मान वर केली तर काकांच्या नाकावर काळ्या फ्रेमचा चष्मा, पावणेदोनचा. म्हणजे साखर पुन्हा चढली होती. पण नवऱ्याला काही विचारावं तर तो मशीनसमोर मान टाकून घोरत होता. तेवढ्यात एक बाई नाकाची गादी बसवायला आल्या. स्क्रूसाठी काकूंनी खण ओढला आणि आत पांढऱ्या गोळ्या. मोजल्या नाहीत तरी कळलं असतं, पण त्यांनी मोजल्या. छत्तीस.

रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. उठवून चार शब्द ऐकवावेत असं आधी वाटलं. पण ऐकवून काय होणार होतं? सव्वीस वर्षं ऐकवतच होत्या. ज्याच्यासाठी या माणसाने डोळे पणाला लावले ते चौतीस चष्मे टेबलावर मांडून ठेवले होते. काकूंनी त्यातला एक उचलला आणि लग्नानंतर प्रथमच त्या यंत्रासमोर बसल्या. नळीला डोळा लावला. सगळं धूसर. कडं फिरेना. नेलपॉलिशचा थेंब त्यांनी नखाने खरवडून काढला, काकांच्या डोळ्याची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि स्वतःच्या डोळ्याला कडं जुळवलं. इतकी वर्षं मागे उभं राहून बघितलं होतं, काय करायचं ते पाठ होतं. चक्र फिरवलं, चिठ्ठी बघितली. अर्ध्या नंबराची चूक. दुसरा उचलला. अर्धाच. तिसरा, चौथा, सातवा. सगळ्यांत तेवढीच चूक आणि एकाच बाजूला. कारखाना चुकला असता तर एखादा चष्मा चुकला असता. सात चष्मे सारखेच कसे चुकतील?

त्यांनी कडं पेन्सिलीच्या खुणेवर परत नेलं. यंत्रातला चष्मा काढून घेतला. मग काकांना हलवलं.

"उठा. जरा डोळा लावा आणि आकडा सांगा."

काका झोपेतच वैतागले. "कुणाचा चष्मा आहे?"

"आकडा सांगा आधी."

त्यांनी काळा चष्मा कपाळावर ढकलला, डोळा लावला, हिरव्या रेघा ठसठशीत दिसेपर्यंत चक्र फिरवलं. "अर्धा. मायनस अर्धा."

"आत काच नाहीये," काकू म्हणाल्या.

काकांनी डोळा काढला. बघितलं. यंत्र रिकामं होतं. रिकाम्या यंत्रात शून्य दिसायला हवं; नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. सकाळी दुकान उघडलं की आधी रिकाम्या यंत्रात शून्य बघायचं. काकांनी ते कधी सोडून दिलं तेही त्यांना आठवेना. थेंब लावून पक्कं केलेलं कडं त्यांच्या बावीस वर्षांपूर्वीच्या डोळ्याचं होतं, आणि डोळा मात्र साखरेबरोबर कधीचा सरकला होता. त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा फिरवलं. पुन्हा अर्धा.

"मुख्याध्यापिकाबाई," ते म्हणाले. "आणि ते तिघं."

"हो."

"आणि हे चौतीस. गाडी चालवणारी माणसं आहेत गं ती."

काकूंनी मूठ उघडली आणि गोळ्या टेबलावर ओतल्या. काही ऐकवायची गरजच उरली नाही. काका त्या गोळ्यांकडे बघत राहिले आणि मग ओरडले, काकूंवर नाही, कुणावरच नाही. नुसतेच ओरडले. पुढच्या खोलीत फ्रेम निवडत उभा असलेला माणूस फ्रेम ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या, साखर तपासली आणि गोळ्या नव्याने सुरू केल्या. डेपोला आणखी तीन आठवडे मागून घेतले. मॅनेजर नाराज झाला, पण थांबला. काकांनी मुख्याध्यापिकाबाईंना स्वतः फोन केला. फोन करण्याआधी तीनदा पाणी प्यायले, आणि या वेळी तहान नव्हती.

"बाई, चूक माझी आहे. माझी साखर वाढली होती, त्यामुळे मला यंत्रातलं चुकीचं दिसत होतं."

"साखर तुमची," बाई म्हणाल्या, "आणि जिन्यावरून पडायचं मी?"

काकांनी त्यांच्यासाठी नवी काच घासायला घेतली. नवा चष्मा स्वतः शाळेत नेऊन दिला, उरलेल्या तिघांच्या घरीही गेले.

पुढचे तीन महिने या दुकानाने जे पाहिलं ते आरशांनी सांगितलं तरच खरं वाटेल. यंत्रासमोर काकू, कडं रोज सकाळी जुळवून, रिकाम्या यंत्रात शून्य बघून. काउंटरवर काका, नाकाच्या गाद्या बदलताना चाचपडत, फोन उचलून गिऱ्हाइकांवर खेकसत. काकू आकडा सांगत आणि काका मागून म्हणत, "नीट बघ, पाव जास्त असेल." काकू म्हणत, "नाहीये." आणि पाव खरंच जास्त नसे. सकाळी बोट टोचून साखर बघायची. एक दिवस एकशे तीस, दुसऱ्या दिवशी तेच खाऊन, तेवढंच चालून एकशे सत्तर. काकांचा जीव जाई. काचेला दोन आणि दोन चारच होतात, या अंगाला का होत नाहीत? डॉक्टरीणबाईंना त्यांनी रोजच्या आकड्यांचा तक्ता करून दाखवला आणि जाब विचारला. त्या म्हणाल्या, एकेका दिवसाचा आकडा धरून बसू नका. हे वाक्य त्यांना मुळीच आवडलं नाही. पण गोळी घेतली, रोज, दोन्ही वेळा. त्याबद्दल कौतुक मात्र कुणाकडून ऐकून घ्यायला तयार नव्हते.

चौदाव्या आठवड्यात सरासरी निघाली सात पॉइंट तीन. बोट कधीच मिटलं होतं. नंबर तीन आठवडे एका जागी थांबला होता, आणि आता चष्मा करायला परवानगी होती. काका तक्त्यासमोर बसले, काचांची पेटी उघडली, मग बंद केली. उठून रस्ता ओलांडला आणि समोरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. समोरचा आधी घाबरलाच, भांडायला आले की काय म्हणून.

"नंबर काढ माझा," काका म्हणाले. "आणि नवीन गिऱ्हाइकाला विचारतोस ते सगळं विचार."

त्याने अंग चोरून विचारलं, "साखर आहे का?"

"आहे."

"गोळ्या नियमित घेता?"

"आता घेतो," ते म्हणाले.

लांबचा-जवळचा असा एकत्र चष्मा त्याने चांगला केला. काकांनी तो घरी आणून काकूंकडून यंत्रात तपासून घेतला, तो भाग वेगळा. बरोबर होता. तो लावून ते दुकानाच्या दारात उभे राहिले. बसचा नंबर, बसमधल्या ड्रायव्हरचा चष्मा, चष्म्याची काडी, सगळं दिसत होतं. जवळ बघितलं तर स्क्रूचे आटेसुद्धा दिसत होते. किती दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासायला बोलावलं होतं. काकू बरोबर होत्या. या खेपेला नवं यंत्र आलं होतं, थेंब न घालताच त्याने डोळ्याच्या आतला फोटो काढला. डॉक्टरांनी मागचा आणि आत्ताचा फोटो संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. नारिंगी गोल, त्यात झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. डॉक्टरांनी पेन उचलला आणि बोलायला सुरुवात केली, "सरासरी छान उतरली आहे, काका. उजवा डोळा जसाच्या तसा आहे. डाव्यात..."

"खाली," काका म्हणाले. "जिथे फाटा फुटतो त्याच्या आत. हा ठिपका मागच्या वेळी नव्हता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "नव्हता."

"ते अठरा दिवस मी गोळ्या सोडल्या होत्या, त्यातला का?"

"तसं सांगता येत नाही. आधीच्या महिन्यांचाही असेल. एवढ्याने नजर जात नाही. साखर आहे तिथेच ठेवा, सहा महिन्यांनी परत बघू."

"पण त्यातलाही असू शकेल."

"असू शकेल," डॉक्टर म्हणाले.

काकू पुढे वाकून पडद्याकडे बघत होत्या. दोन्ही फोटो त्यांना सारखेच दिसत होते. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "मला तर काहीच दिसत नाही हो."

"मला स्वच्छ दिसतोय," काका म्हणाले, आणि काकूंचं बोट धरून त्यांनी ते त्या ठिपक्यावर टेकवलं.